खिळ्यावरचा नान

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मीही आधी हसलेच होते. पण हे माझ्या सख्ख्या बहिणीच्या बाबतीत घडलंय, आणि शेवटचा भाग तर मी स्वतः पाहिलाय.

रात्र-बित्र नव्हती. लख्ख दुपार होती, ऑक्टोबरातली. कुंग्राद शहराच्या पलीकडे, वाळवंटात, सुदोच्या तळ्यावर.

बीबीनाज, म्हणजे माझी आपा, परवाच्या गाडीने अल्माटीला कामासाठी निघणार होती. वडील गेल्यावर घरात आम्ही तिघीच. आई, आपा आणि मी. जायच्या आधी आपाला एकच हौस होती. लहानपणी वडील तिला जिथे पक्षी दाखवायला न्यायचे, ते तळं एकदा बघायचं. आणि जमलं तर ते निळ्या चोचीचं, पांढऱ्या डोक्याचं बदक.

शेजारचे पेर्देबाय आगा आपल्या खटारा जीपमधून तिला घेऊन गेले. वाटभर चिडवत होते.

"बदक बघायला कुणी एवढं लांब जातं का, पोरी? आम्ही बदक ताटात बघतो."

तळ्याशी पोचल्यावर आगा गळ टाकून बसले. आपा वडिलांची दुर्बीण गळ्यात अडकवून काठाकाठाने निघाली.

सुरुवातीला सगळं छान होतं. पाण्यावर चांदव्यांचा, त्या काळ्या पाणकोंबड्यांचा, नुसता कलकलाट. लांबवर गुलाबी रेघ दिसत होती, ते रोहित पक्षी. बोरूच्या बेटाआड ते निळ्या चोचीचं बदकही दिसलं. तिने पटकन बाजूला वळून बघितलं, वडिलांना दाखवायला.

बाजूला कोण असणार...

आणि तेवढ्यात आवाज थांबला.

सगळाच.

चांदवे पाण्यावर होते. चोची उघडत होत्या, मिटत होत्या.

आवाज मात्र नाही.

मग वास आला... ताज्या नानचा.

आता ऐका. त्या काठावर कोळ्यांचं एक गाव होतं, पण मासे संपले तसं तेही उठलं. आपाच्या जन्माच्याही आधी. तिथे तंदूर पेटवणार कोण?

पण पेटलेला होता. एका घरापुढे, पांढरा रुमाल बांधलेली एक म्हातारी वाकून नान काढत होती.

"आलीस? बस. चहा घे," ती म्हणाली.

आपाला वाटलं, असेल कुणी एकटी राहिलेली. आत जाऊन बसली. चहा दुधाचा होता, गरम होता. म्हातारी काहीच विचारत नव्हती. नुसती बघत होती, जसं खूप दिवसांनी माणूस दिसल्यावर कुणी बघतं.

भिंतीवर खिळे होते. खिळ्यांवर नान टांगलेले, काळे पडलेले, दगडासारखे. प्रत्येकाचा एकेक घास तोडलेला.

आपाला लगेच कळलं. आमच्यात लांब जाणारा माणूस निघताना नानचा एक घास तोडतो. उरलेला घरचे टांगून ठेवतात. परत आला की तोच तो संपवतो. तोवर त्याला कुणी हात लावत नाही. आमच्या आईने तर आपासाठी पीठ आणून ठेवलंच होतं.

"मुलं माझी," म्हातारी म्हणाली. "मासे गेले, मग तीही गेली."

मग तिने गरम नान आपाच्या तोंडापुढे धरला.

"तूही लांब निघालीस ना. घे, तोड घास."

आपाने तिला जाण्याबद्दल एक अक्षर सांगितलं नव्हतं.

पण म्हाताऱ्या माणसाने पुढे केलेला नान आमच्यात कुणी मागे सारत नाही. हात आवरायच्या आधी दात लागलेले असतात. आपाने घास तोडला.

म्हातारीने उरलेला नान खिळ्याला टांगला... आणि पहिल्यांदा हसली.

आपा आगांकडे आली, तेव्हा चांदवे पुन्हा ओरडत होते. तिचं ऐकून आगांनी गळ गुंडाळला. म्हणाले, तिथल्या घरांना छपरंच नाहीत. तिला घेऊन तसेच त्या घराकडे गेले.

खरंच, छपरं नव्हती. तंदुरात गळ्यापर्यंत वाळू. काळे नान गायब. उघड्या भिंतीत गंजलेले खिळे.

एकाच खिळ्यावर नान होता. एक घास तोडलेला.

आपाने हात लावला... गरम होता.

आगा हळूच म्हणाले, "खाऊन टाक, पोरी. इथेच संपव, सुटशील."

तिने काढायला हात उचलला. पण काढला नाही. मला नंतर म्हणाली, "त्या भिंतीवर तेवढंच होतं गं."

दुसऱ्या संध्याकाळी आईने नान पुढे केला. आपाने आमच्यासमोर घास तोडला. तिचा एक दात तुटका आहे, त्याची खूण नानवर स्पष्ट उमटली होती. मी स्वतः तो स्वयंपाकघरात टांगला. सकाळी तिला गाडीत बसवून आम्ही घरी आलो.

नान खिळ्यावरच होता.

अख्खा.

गोल, पूर्ण... कुणी तोंडच लावलं नसावं तसा.

 आईने त्याच्यावर एक रुमाल टाकला.

तेव्हापासून आपा घरी आलेली नाही. कधी सुट्टी मिळत नाही, कधी गाडी चुकते, एकदा तर अर्ध्या वाटेतून परत गेली. दरवेळी कारण खरंच असतं.

काल तिचा फोन आला. तिकीट काढलंय म्हणाली. मी ओरडून आईला सांगणार, तेवढ्यात ती म्हणाली, "आधी घरी जाऊन येते. मग तुमच्याकडे."

मी विचारलं, "आपा... घरी म्हणजे कुठे?"



अल्माटीत ती नवव्या मजल्यावर राहते. पण फोनमध्ये, तिच्या मागे, चांदवे ओरडत होते. खूप सारे.

मग एकदम थांबले.

आई आत पीठ मळतेय. तिला अजून मी काहीच सांगितलेलं नाही.