एक्केचाळीस नावं

"दारावर माझं नाव कुणी लावलं, तेवढं शोधा," ती म्हणाली. "लेकीचं लग्न मोडलं. कालपासून ती माझ्याशी बोलत नाही."

मास्तरांनी खुर्ची मागे सरकवली. धंदेवाली बाई, तीही आपल्या बैठकीत! पण तपास त्यांच्या बायकोचा. सगळे तिला काकू म्हणत. मास्तर नुसते पिशवी धरायला.

काकूंनी कागद उलगडला. धंद्यातल्या बायकांची सक्तीची नोंदणी करणाऱ्या नव्या कायद्यावर परवा कचेरीत साहेबांपुढे सुनावणी होती. तिथल्याच दारावर हा चिकटवलेला सापडला. एक्केचाळीस नावं, प्रत्येकीचं गाव आणि एक नातेवाईक. पेपरात फोटो आला, सरकारी यादी फुटल्याची बोंब झाली आणि कायदा बारगळला.

"नाव खरं आहे?"

"खरं. खाली लेकीचंही. पोलिसांना मी वेगळंच सांगते, दवाखान्यात आणखी वेगळं. सगळ्याच सांगतात."

चौकीत फौजदार खेकसला, "नोंदणी मलाच हवी होती! मी माझ्याच पायावर धोंडा मारून घेईन? आमच्या यादीत वय असतं, फोटो असतो."

दवाखान्यातली डॉक्टरीण म्हणाली, "मी रक्त तपासते. गाव विचारलं तर बायका फिरकायच्या नाहीत."

धंद्यातल्या बायकांच्या संघटनेची अक्का खुशीत होती. "आम्ही बेचाळीस जणी, मीही त्यातलीच. सुनावणीत साहेबांपुढे मीच बोलले. लढलो, जिंकलो! मागच्या महिन्यात त्रेचाळिसावी वारली, तिच्या भावाला मीच कळवलं. सरकार फिरकलं का?"

"फौजदारच," बाहेर येताच मास्तर म्हणाले. "चोराच्या उलट्या बोंबा."

"अहो, जरा डोकं चालवा," काकू म्हणाल्या आणि त्या बाईला घेऊन पुन्हा अक्काकडे आल्या.

"या यादीत वय नाही, आजार नाही. नातेवाईक मात्र आहे. तो कुणाला लागतो? मेल्यावर निरोप धाडणाऱ्याला. तुम्हाला, अक्का. बायकांनी खरं नाव फक्त तुमच्यापाशी ठेवलं. बेचाळिसातलं एकच नाव इथे नाही. तुमचं."

अक्काने मान वर केली. "हो, मीच लावली. अर्ज केले, मोर्चे काढले, कुणी ढुंकून पाहिलं नाही. यादी फुटली की काय होतं ते दाखवलं, तेव्हा साहेबांना घाम फुटला. हजारो बायका वाचल्या!"

"मला विचारलंत?" ती म्हणाली.

"विचारलं असतं तर हो म्हणाली असतीस?"

"नाही."

मास्तरांना भयंकर राग आला, आणि तो या बाईवर नव्हता याचं त्यांना नवल वाटलं.

ती उठली. "साहेबांपुढे बोललात ना? चला, आता माझ्या लेकीपुढे बोला."

अक्का जागची हलली नाही. "तिला काय सांगू मी?"

"तेच मला कालपासून सुचत नाहीये."