भिंतीतला सहावा रंग

शुद्धलेखनाच्या चुका झाल्या तर पोटात घाला. शाळा सातवीतच सुटली, त्यामुळे भारी शब्द माझ्याकडे नाहीत. हे घडलं ते एका रंगाऱ्याच्या बाबतीत. शेजारी बसून सांगावं तसं सांगतो.

रंगाऱ्याच्या बायकोला आठवा महिना लागला होता. आधीचं बाळ सहाव्या महिन्यातच गेलं होतं, म्हणून या वेळी दोघंही जपून चालायची, जपून हसायची. नवं घर भाड्याने घेतलं होतं. वर दोन खोल्या, खाली एकटी घरमालकीण. तिला सगळे काकू म्हणायचे. चावी देताना काकू एवढंच म्हणाल्या, "आतली खोली बाळाला द्या. रंग मी आणून देते."

त्याने पाळण्याच्या कडा मऊ कापडाने मढवल्या, खिडकीला जाळी ठोकली, कपाटाचे कोपरे घासून गोल केले. राहिल्या भिंती. लोकांच्या घरी तो जुन्यावरच नवा हात मारून मोकळा व्हायचा. पण जुन्या रंगात शिसं असतं आणि रांगतं मूल भिंतही चाटतं, हे त्याला ठाऊक होतं. इथे पार प्लास्टरपर्यंत खरवडायचं, असं त्याने ठरवलं.

"लोकांचं अख्खं घर चार दिवसांत उरकता," बायको दारातून म्हणाली, "आणि ही एक खोली? बाळ शाळेत जाईपर्यंत होईल ना?"

"होईल. तू धुळीत येऊ नकोस बघू."

आभाळ भरून आलं होतं. भर दुपारी खोलीत दिवेलागणीसारखा अंधार. खरवडणीचा खर्र खर्र आवाज आणि कोंदट वास. गुलाबी रंग निघाला. त्याखाली पिवळा, त्यावर बदकं. मग आकाशी, ढगांचा. मग पोपटी. मग फिका जांभळा. पाच रंग, पाचही लहान मुलांच्या खोलीचे.

आणि त्याचा हात थांबला.

राहत्या खोलीचा रंग काढताना दोन थरांमध्ये मळ लागतोच. उशीपाशी डोक्याच्या तेलाचा डाग, बटणाभोवती काळपट वर्तुळ, खाली खडूच्या रेघोट्या. इथे पाचही थर कोरे होते. पाच वेळा खोली सजली, आणि एकही मूल तिच्यात राहिलं नाही.

"खरवडताय?"

काकू दारात उभ्या होत्या. जिन्यावर पाऊल वाजलं नव्हतं.

"हो काकू. बाळाला त्रास नको."

"आजवर कोणी खरवडलं नाही. आधीचे भाडेकरू सगळे वरूनच मारायचे..." त्यांचा आवाज खाली गेला. "किती रंग निघाले?"

"पाच."

"अजून एक आहे. सगळ्यांत आतला. तो माझ्या मुलासाठी लावला होता... तीन वर्षांचा होऊन गेला, याच खोलीत."

"आणि हे पाच, काकू? त्यांची मुलं?"

"दवाखान्यात जायचे. रिकाम्या हातांनी यायचे."

त्या वळल्या आणि खाली गेल्या. रंगाऱ्याने पुन्हा खरवडायला घेतलं. जांभळ्याखालून पांढरा रंग वर आला. त्यावर गुडघ्याएवढ्या उंचीला बोटांचे डाग होते, इवल्या बोटांचे. त्याने एका डागाला बोट लावलं.

डाग ओला होता. चिकट, आणि कोमट.

"अहो..." पलीकडून बायकोची हाक आली. "इकडे या ना... सकाळपासून हललंच नाही हो. तुम्हाला सांगू की नको, असं झालं होतं."

खरवडणी टाकून तो धावला. हात धुवायचं भान कुठलं? होता तसाच हात त्याने तिच्या पोटावर ठेवला. पोट गप्प होतं. दोघांनी श्वास रोखला. मग नेमकी त्या बोटाखाली आतून एक जोरदार लाथ बसली. बायको रडता रडता हसली.

तरी ती दोघं दवाखान्यात गेली. ठोके उत्तम आहेत, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. रात्री बायकोच्या थोरल्या बहिणीकडे मुक्काम केला.

"आठव्या महिन्यातल्या बाईला त्या धुळीत ठेवतोस? अक्कल कुठे गहाण टाकलीस?" बहिणीने दारातच झाडलं.

सकाळी उठून तो एकटाच गेला. सामान आवरायचं, चावी परत करायची, पुन्हा तिथे पाऊल टाकायचं नाही. काकू त्याच आतल्या खोलीत जमिनीवर बसल्या होत्या, भिंतीला गाल टेकून. पांढरा रंग आता कोरा करकरीत होता. एकही डाग नव्हता.

"डाग तुम्ही पुसले?" त्याने विचारलं.

"मी कशाला पुसू?" त्यांचे डोळे सुजले होते, पण चेहरा निवांत होता. "तुमच्याकडे गेला ना तो? मग एवढं करा... अंधारात झोपवू नका. घाबरतो."

चावी जमिनीवर ठेवून तो जिना उतरला. कोपऱ्यावर विजेच्या सामानाचं दुकान नुकतंच उघडत होतं. त्याने झिरोचा बल्ब मागितला.

"बाळ झालं वाटतं?" दुकानदार हसून म्हणाला.

"नाही अजून."

"मग आत्तापासून कशाला?"

बल्ब पेटतो की नाही, ते रंगाऱ्याने दोनदा लावून बघितलं.