परसूरावांचं नाव

दुर्गदबैलाच्या बाजारात त्या दिवशी हातगाड्यांची अशी दाटी झाली होती की नूतनला डावं-उजवं कळेना. धारवाडहून ती नागुबाईंचं घर शोधत आली होती. कापडदुकानाच्या पायरीवर कोथिंबिरीची जुडी घेऊन एक उंच मुलगा उभा होता. तिने त्यालाच पत्ता विचारला.

"माहीत आहे की. चला," म्हणून तो बोळाबोळांतून पुढे चालू लागला. वरून भुरभुर पाऊस... छत्री उघडायलाही संकोच वाटावा, इतका हलका. एका निळ्या दारापाशी थांबून त्याने खिशातून किल्ली काढली.

"हे तुमचंच घर?"

"मग? तुम्ही पत्ता विचारलात. घर कुणाचं, ते कुठं विचारलंत?"

नूतन हसू दाबत चपला काढू लागली.

त्याचं नाव प्रशिक. रेल्वेच्या कारखान्यात नोकरीला होता. घरात तो आणि त्याची आज्जी नागुबाई, दोघंच. आज्जी भान हरपून रस्त्यावर जाई, म्हणून कोथिंबीर आणायला जातानाही बाहेरून कुलूप. नूतनचं संशोधन अशाच विस्मरणावर होतं. घरात मराठी आणि बाजारात कानडी बोलण्यात ज्यांचा जन्म गेला, त्या म्हाताऱ्या माणसांच्या मनातून आधी काय पुसलं जातं, कुठली भाषा मागे उरते, हे ती शोधत होती. त्यासाठी दर गुरुवारी यायचं ठरलं.

पहिल्याच दिवशी तिने नागुबाईंना नवऱ्याचं नाव विचारलं. म्हातारीने पदराचं टोक ओठांशी धरलं आणि खाली पाहत राहिली. नूतनने जड मनाने गुणांच्या रकान्यात शून्य मांडलं.

स्वयंपाकघरातून प्रशिक म्हणाला, "मॅडम, आजोबा हयात होते तेव्हा तिनं कधी त्यांचं नाव घेतलं नाही. आज तुमच्यासाठी घेईल होय? उखाणा घ्यायला सांगा."

नूतनने सांगितलं. वात वर केल्यावर कंदील उजळावा, तसा तो चेहरा उजळला.

"अळणावरच्या रानात भात आला वर,
परसूरावांच्या जिवावर बांधलं मी घर."

नूतनने शून्य खोडलं. आजवर किती बायकांच्या लाजेला आपण विस्मरण म्हटलं, या विचाराने ती खिडकीबाहेर बघत धारवाडला परतली. पुढे तिने आपल्या मार्गदर्शक बाईंशी भांडून तो प्रश्नच बदलून घेतला.

मग एका गुरुवारी नागुबाईंनी तिला कानडीत "बा, कुंदर" म्हणत शेजारी बसवलं आणि मराठीत रागे भरल्या, "सूनबाई, किती उशीर ग?"

अशा माणसाला खोटं पाडू नये, हे नूतन घरोघरी सांगायची. ती हळूच म्हणाली, "बाजारात गर्दी होती, आज्जी." प्रशिकचे कान लाल झाले.

तेव्हापासून हा खेळच झाला. बायकोला चहा दे, असं आज्जी फर्मावायची. प्रशिक बशी पुढे करत विचारायचा, "साखर कमी का, सूनबाई?"

"अभ्यासासाठी चालवून घेते हं मी."

"हो का... आणि अभ्यास संपला की?"

ती चहावर फुंकर घालत राहायची. तो पुन्हा विचारायचा नाही.

आज्जी मात्र दर वेळी हट्ट धरायची, नाव घे की त्याचं. नूतन पुढच्या गुरुवारवर ढकलायची. आज्जीच्या समाधानासाठी बाकीचं सगळं खोटं तिला सहज बोलता यायचं. एवढंच येत नव्हतं, कारण ते खोटं राहिलं नव्हतं.

श्रावण सरला, दसऱ्याची झेंडूची फुलं सुकली, सकाळी धुकं पडू लागलं. शेवटचा गुरुवार आला. काम पुरं झालं होतं. या बोळात येण्याचं कारण उद्यापासून उरणार नव्हतं.

दार प्रशिकनेच उघडलं. आज थट्टा नाही. चहाची बशी मात्र हातात होती. नूतनने उंबऱ्यातूनच हाक मारली, "आज्जी..."

नागुबाई कितीतरी वेळ तिच्याकडे बघत राहिल्या. "यार नी? कुणाची ग तू?"

हा दिवस येणार, हे नूतनला ठाऊक होतं. अशा दिवसाबद्दल तिने स्वतःच पानंच्या पानं लिहिली होती. तरी डोळे भरले ते भरलेच.

"वाईट वाटून घेऊ नका," प्रशिक हलकेच म्हणाला. "आता तुम्हाला सून व्हायला नको. सुटलात..." शेवटच्या शब्दावर त्याचा आवाज ओला झाला.

नूतनने ओढणी डोक्यावर घेतली. त्याच्याकडे न बघता, म्हातारीच्या डोळ्यांत बघत ती म्हणाली —

"दुर्गदबैलाच्या गर्दीत चुकले होते वाट,
प्रशिकरावांशी आज्जींनी बांधली माझी गाठ."

प्रशिकने बशी खाली ठेवली.

"हे... अभ्यासासाठी?"

"अभ्यास संपला," नूतन म्हणाली.

नागुबाईंनी एकदा नातवाकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. मुलगी काही आठवली नाही, पण उखाणा कळला.

"मग सून असून दारात का उभी?" त्या करवादल्या. "आत ये. चहा निवतोय."