नववी ओळ

परदेशातल्या ओंगार उपनगरातल्या त्या घरात जेवणं उरकली होती. २००६ चा नोव्हेंबर, बाहेर वारा. संकेत आणि नेत्रा, दोघंही पहिल्याच नोकरीतले, पद्माकरकाकांच्या मागे लागले होते की एखादी खरी घडलेली गोष्ट सांगा. काकांनी पडदा सारला आणि म्हणाले, माझ्या ओळखीतल्या विवेकचं सांगतो.

विवेक पुण्याचा. नव्व्याण्णव साली इथल्याच वॉटरफोर्ड शहरातल्या एका छोट्या कंपनीत होता. एका ग्रंथालयाचं गोफर सांभाळायचं काम त्या कंपनीकडे होतं. गोफर म्हणजे वेबच्या आधीची चीज. चित्र नाही, रंग नाही, काळ्या पडद्यावर आकडे घातलेली यादी. आकडा दाबला की आतली यादी उघडायची, तिच्यात पुन्हा आकडे. वर यायला 'यू' दाबायचं. आता सगळं वेबवर गेलं होतं. दोन हजार साल उजाडायच्या आत ते मशीन बंद करायचं होतं.

त्या सगळ्या याद्या एकट्या माणसाने बांधल्या होत्या. दत्तात्रय, अमरावतीचा. बांधून झाल्या तसं कंपनीने त्याला काढलं. वर्क परमिट कंपनीचं, म्हणजे नोकरीबरोबर देशही गेला. पण परतीचं तिकीट काढायच्या आतच तो भाड्याच्या खोलीत मेला. नऊ दिवसांनी घरमालकाने दार उघडलं.

"मशीन मात्र एक दिवस बंद पडू दिलं नाही त्यांनी," काका म्हणाले.

नेत्राने चहाचा कप खाली ठेवला.

दत्तात्रयच्या बायकोचं, सुलक्षणाचं, विवेकला पत्र आलं होतं. कंपनीत तेवढंच एक मराठी नाव तिला सापडलं होतं. ह्यांच्या कामातलं काहीतरी पाठवा, ह्यांचं नाव असलेलं एखादं पान तरी, मुलीला दाखवायला. विवेकने साहेबाला विचारलं. साहेब डेक्लन. तो म्हणाला, माल कंपनीचा आहे, बाहेर काही जाणार नाही. युअर मॅन, म्हणजे तो दत्तात्रय, तर गेलाच आहे. उडवून टाक. विवेकच्या परमिटच्या नूतनीकरणाचा फॉर्म त्याच टेबलावर पडला होता. शुक्रवारी सकाळी मशीन बंद दिसलं की सही.

विवेकने परत विचारलं नाही.

"पाच मिनिटांचं काम होतं रे," काका म्हणाले. "एका फ्लॉपीत मावलं असतं. ड्रॉवरमध्ये फ्लॉप्यांचा नवा खोका होता. दहाचा. वरचं प्लास्टिकही फाडलेलं नव्हतं."

गुरुवार, अकरा नोव्हेंबर. रात्रीचे पावणेअकरा. ऑफिसात विवेक एकटा. एकेक यादी उघडून पाहायची आणि पुसायची. शेवटचा फोल्डर दत्तात्रयच्या नावाचा. त्यात आठ ओळी असल्याचं त्याने दुपारीच मोजलं होतं.

आता नऊ होत्या.

नववी इंग्रजी अक्षरांत, पण मराठी. 'कोणी आहे का?'

पुढे शोधायची खूण होती, म्हणजे काहीतरी टाइप करायची जागा.

"काका, भूत सपोर्टवर होतं का?" संकेत हसला. एकटाच.

काकांनी नेत्राकडे पाहिलं. रात्री हाक आली तर तिसऱ्या हाकेपर्यंत ओ द्यायची नाही, हे तुमच्या घरी सांगतात ना, त्यांनी विचारलं. तिने मान हलवली. विवेकच्याही घरी सांगत. पण हाक कानावर आली तर ते आठवतं. पडद्यावर कोणाला आठवणार. त्याला वाटलं, कोणीतरी गंमत केली आहे.

त्याने टाइप केलं. 'ओ'.

यादी आली. दोनच ओळी.

एक. फ्लॉपी आहे का?

दोन. नाही.

विवेकचा हात ड्रॉवरकडे गेला. थांबला. टेबलावरचा फॉर्म...

त्याने 'यू' दाबला. वर जायला.

तीच यादी.

पुन्हा 'यू'. तीच. पुन्हा. तीच...

मग त्याने दोन दाबलं.

पडदा काळा झाला. बराच वेळ काळाच. मग एक ओळ.

'बरं.'

एवढंच. रागाचा शब्द नाही. विवेकने मशीनची वायर भिंतीतून उपसून काढली. पडद्यावरचं 'बरं' गेलं तेव्हा त्याच्या हातात प्लग होता. आणि तो बराच वेळ हातात होता...

संकेतने हळूच विचारलं, "सही झाली का?"

"झाली ना. सकाळी नऊला. ग्रँड, म्हणजे झकास, म्हणाला साहेब. मशीन दुपारी भंगारात गेलं."

तीन आठवड्यांनी अमरावतीहून पत्र आलं. विवेकला ते आजही पाठ आहे, काका म्हणाले, आणि पाठ म्हटल्यासारखं त्यांनी ते म्हटलं.

"फ्लॉपी मिळाली. वरचं अक्षर ह्यांचंच आहे. मुलीने सगळ्या याद्या पाहिल्या. पाकिटावर पाठवणाऱ्याचं नाव तुमचं होतं. तुमचे उपकार कसे फेडू?"

"मग? त्याने कळवलं ना, मी नाही पाठवली म्हणून?" नेत्रा म्हणाली.

काकांनी सारलेला पडदा पुन्हा नीट ओढून घेतला. बाहेर कोणाच्या तरी फाटकाची कडी वाजत होती.

पत्र वाचून विवेकने ड्रॉवर उघडला होता. खोका जागेवर. प्लास्टिक तसंच, कुठे फाटलेलं नाही, चिकटवलेलं नाही. त्याने नखाने ते फाडलं आणि फ्लॉप्या टेबलावर ओतल्या.

नऊ होत्या.