टोपण लावलेले फोटो

दुपारची भांडी विसळून ती पालथी घालत होती, तेवढ्यात परगावी गेलेल्या नवऱ्याचा फोन आला.

"अगं, एक काम करशील? टेबलाच्या खणात कॅमेऱ्याचं कार्ड राहिलंय माझं. पिवळ्या घराचे फोटो आहेत त्यात. दलाल सकाळपासून डोकं खातोय. कार्ड कॉम्प्युटरला लाव, फोटो उतरवून घे, एकेक उघडून बघ आणि बरे वाटतील तेवढे त्याला पाठव."

"बरं."

"आणि... मधेमधे काळे फोटो आहेत. ते भिंगावर टोपण लावून काढलेत. त्यात काही नाहीये. न उघडताच पुसून टाक."

"बरं," ती पुन्हा म्हणाली. पण या दुसऱ्या 'बरं'चा सूर पहिल्यासारखा नव्हता.

घरात तिला इन्स्पेक्टर म्हणत. हे नाव नवऱ्यानंच ठेवलं होतं. लग्नानंतर पहिल्याच वर्षी तिनं त्याच्या खिशात सापडलेल्या चिठ्ठीवरून त्याची तासभर उलटतपासणी घेतली होती आणि शेवटी ती चिठ्ठी तिच्याच हातची निघाली होती, साबण आणि काड्यापेटी आणायला सांगणारी. तेव्हा दोघं पोट धरून हसले होते. आता मात्र हसण्यासारखं काही उरलं नव्हतं.

नवरा विकायच्या घरांचे फोटो काढायचा. रिकामी घरं, कुलूपबंद खोल्या, वीज तोडलेली. धंदा साधा होता आणि माणूसही साधा होता. पण पिवळ्या घराचं काम घेतल्यापासून त्याचं काहीतरी बिनसलं होतं. उशिरा यायचा. आला की दारातच थांबून आधी खोलीभर नजर फिरवायचा आणि मग पाऊल आत टाकायचा. ती पाठमोरी बसलेली असली की मागे येऊन उभा राहायचा, विचारलं तर "काही नाही" म्हणायचा. त्याच्या शर्टांना एक वास यायला लागला होता. अत्तराचा असता तर तिनं एका दिवसात छडा लावला असता. हा वास वर्षानुवर्षं न उघडलेल्या खोलीचा होता, ओल धरलेल्या भिंतीचा आणि घडी करून विसरलेल्या कपड्यांचा.

कुठेतरी पाणी मुरतंय, हे तिनं ओळखलं होतं. रिकाम्या घरात रोज इतका वेळ कोण काढतं? तिथे कुणीतरी असणारच. पलंगाखाली तिनं आपली बॅग भरून ठेवली होती. एकदा खात्री पटली की सरळ दादाकडे निघून जायचं, मागे वळूनसुद्धा बघायचं नाही, असं तिचं ठरलं होतं. अडलं होतं ते फक्त पुराव्याशी. आणि आता नवऱ्यानं स्वतःच्या तोंडानं पुराव्याची जागा सांगितली होती.

मागच्या खोलीत तिनं पडदे ओढून घेतले. फोटो बघायचे तर खोलीत अंधार हवा, नाहीतर स्क्रीनवरचे रंग फसवतात, ही नवऱ्याची शिकवण. बाहेर लख्ख ऊन होतं, आत मात्र दिवेलागणीसारखं झालं. टेबल तिनं सकाळीच जागेवर आणलं होतं. गेल्या आठवड्यात नवऱ्यानं काही कारण नसताना ते फिरवून ठेवलं होतं, खुर्चीची पाठ थेट भिंतीला टेकेल असं. "असं बसत जा," एवढंच म्हणाला होता. तसं बसलं की पडद्याच्या फटीतून येणारी तिरीप नेमकी स्क्रीनवर पडायची. म्हणून आज झाडताना तिनं एकटीनं ते ओढून पुन्हा पहिल्यासारखं केलं. त्या खटाटोपात मागच्या कपाटाची मूठ अंगातल्या निळ्या स्वेटरला अडकली आणि खांद्यामागे टरकन फाटलं. घरात निळा दोरा नव्हता. लालभडक दोऱ्यानं चार उभे-आडवे टाके घालून तिनं स्वेटर पुन्हा अंगात चढवला होता.

केस विंचरताना भांगाच्या जरा मागे एक पांढरा केसही सापडला होता, आयुष्यातला पहिला. उपटणार होती. मग म्हणाली, राहू दे, ज्याच्यामुळे पिकला त्याला दाखवू.

तिनं कार्ड लावलं. फोटो उतरायला लागले. पट्टी गोगलगाईच्या चालीनं भरत होती, कारण नवरा फोटो 'रॉ' ठेवायचा. रॉ म्हणजे कॅमेऱ्याचा कच्चा माल, त्यानं तिला समजावलं होतं. साधा फोटो म्हणजे कॅमेऱ्यानं आपल्या अकलेनं तयार करून दिलेला. रॉमध्ये भिंगातून जेवढा उजेड आत गेला तेवढा सगळा जसाच्या तसा असतो. वरून काळाठिक्कर दिसला तरी उजेडाची पट्टी सरकवली की अंधारातलं लपलेलं वर येतं. "रॉला खोटं बोलता येत नाही," असं तो कौतुकानं म्हणायचा.

पट्टी भरली. तिनं पहिला फोटो उघडला. आधी धुरकट चौकोन आला, मग क्षणभरानं चित्र स्वच्छ झालं. रिकामी बैठकीची खोली, फरशीवर धूळ. दुसऱ्यात जिना, तिसऱ्यात मोरी. ना बाई, ना बाईची चप्पल. तिला बरं वाटलं आणि थोडी निराशाही झाली, खोटं कशाला बोला.

मग पहिला काळा फोटो आला.

टोपण लावून फोटो काढायची पद्धत तिला ठाऊक होती. अंधाऱ्या घरात कॅमेऱ्याचा डोळा बराच वेळ उघडा ठेवावा लागतो, त्यानं चित्रात रंगीत ठिपके उमटतात. मग टोपण लावून तेवढ्याच वेळाचा एक काळा फोटो काढायचा. त्यात नुसते ठिपकेच येतात आणि कॉम्प्युटर ते मूळ चित्रातून वजा करतो. म्हणजे काळे फोटो कामाचे. ते पुसायला नवऱ्यानं आजवर कधी सांगितलं नव्हतं. तिच्या मनात पाल चुकचुकली. सगळे उघडून बघ, फक्त हे उघडू नकोस. वा रे वा! म्हणजे बाईसाहेबांना अंधारात लपवून ठेवलंय तर.

तिनं उजेडाची पट्टी धरली आणि सरकवली.

काळ्याचं करडं झालं. ठिपक्यांचा नुसता पाऊस. मग त्यातून कडा दिसायला लागल्या. एका दाराची चौकट. चौकटीपलीकडे एक अंधारी खोली, आणि खोलीच्या टोकाला कुणीतरी पाठमोरं बसलेलं.

बाई होती. अंबाडा घातलेली.

"सापडलीस," ती मोठ्यानं म्हणाली. छातीत धडधडत होतं, पण जिंकल्याची धडधड होती ती. राग असा आला की डोळ्यांत पाणीच उभं राहिलं. इतकी वर्षं संसार केला, आणि हा माणूस असल्या पडक्या घरात कुणाला तरी बसवून तिचे फोटो काढत होता!

पुढचा काळा फोटो. तीच खोली, तीच बाई, पण आता फोटो काढणारा दाराच्या आत आला होता. त्याच्या पुढच्यात आणखी जवळ. बाई एका टेबलाशी बसली होती. तिच्यापुढे फिकट उजेडाचा एक चौकोन होता. तिला फोटो काढला जातोय याची गंधवार्ताही नसावी, अशी ती पुढे वाकून काहीतरी बघण्यात गढली होती.

टेबलाचा डावा कोपरा उडालेला होता.

तिचा हात माउसवर तसाच राहिला. हळूच तिनं आपल्या टेबलाच्या डाव्या कोपऱ्याकडे पाहिलं. घर बदलताना हमालानं आपटला होता तो.

म्हणजे ही दुसरी तिसरी कुणी नव्हतीच. तिचा जीव भांड्यात पडला. हसूही आलं. वेड्यानं बायकोचेच चोरून फोटो काढले होते आणि लाजेनं लपवले होते! पलंगाखालची बॅग आठवून तिला स्वतःचीच शरम वाटली. तिनं पुढचा फोटो उघडला, जरा मायेनंच, आणि पट्टी सरकवली.

आता बाईची पाठ चित्रभर होती. निळा स्वेटर. खांद्यामागे लाल दोऱ्याचे उभे-आडवे टाके.

ती कितीतरी वेळ त्या टाक्यांकडे बघत राहिली. मग उलटा हात करून तिनं आपला खांदा चाचपला. दोऱ्याची गाठ बोटाला लागली. आज सकाळी मारलेली. कार्ड खणात पडून होतं रविवारपासून, आणि नवरा रविवारीच परगावी गेला होता.

खोलीत वास होता. मघापासून होता की आत्ता आला, हे तिला सांगता आलं नसतं. ओल धरलेल्या भिंतीचा, घडी करून विसरलेल्या कपड्यांचा.

तिनं फोन लावला. एका रिंगमध्ये उचलला गेला.

"पाठवलेस?"

"काळे फोटो कुणी काढले?"



"उघडलेस तू," नवरा म्हणाला. "मला माहीत होतं... तू उघडणार."

"कुणी काढले?"

"मीच. म्हणजे बटण मी दाबलं, पिवळ्या घरात, टोपण लावून. कॅमेरा भिंतीकडे होता गं... आणि फोटोत आपलं घर. तू. आधी दारातून, मग दर खेपेला थोडं पुढे."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"काय सांगू? तू म्हणाली असतीस, थाप मारतोय, तिथे कुणीतरी बाई आहे. पुसले मी ते. रोज पुसायचो. दुसऱ्या दिवशी कार्ड लावलं की परत असायचे. मग टोपण लावून काढायचंच बंद केलं. म्हटलं, मी काढलाच नाही तर ते पुढे सरकणार नाही. कॅमेरा कपाटात टाकला, दुसरा घेऊन आलो."

कपाट तिच्या मागे होतं. तिला ते न बघताही जाणवत होतं.

"ऐक," ती म्हणाली. एवढा मऊ आवाज तिनं कित्येक दिवसांत काढला नव्हता. "मी तुझ्यावर उगाच संशय घेतला. बॅगसुद्धा भरून ठेवली होती मी. तू ये. आत्ता निघ आणि ये."

"निघतो. लगेच निघतो. तू घाबरू नकोस, तुला काही होणार नाही. सगळ्या फोटोंत टेबल जुन्या जागी आहे, बघ. म्हणून तर मी ते फिरवलं. तुझ्या पाठीला भिंत आहे, मागे कुणाला उभं राहायला जागाच नाही."

तिनं टेबलाची कड घट्ट धरली.

"आहे ना भिंत?"

"...सकाळी फिरवलं मी. स्क्रीनवर तिरीप येत होती."

फोनमध्ये त्याचा श्वास ऐकू आला. "ऊठ," तो म्हणाला. "बाहेर जा. काही घेऊ नकोस... नुसती ऊठ."

उठायचंच होतं तिला. पण यादीच्या तळाशी आणखी एक काळा चौकोन होता. "एक राहिलाय," ती पुटपुटली.

"तो मी काढलेला नाही. आपोआप आलाय. मी तो उघडला नाही, माझा धीर झाला नाही. तूही उघडू नकोस."

इन्स्पेक्टरचं बोट तोवर खाली गेलं होतं.

काळा. तिनं पट्टी सरकवली. काळाच. अर्ध्यावर आणली, पाऊण केली. ना चौकट, ना टेबल, ना बाई. अगदी टोकाला नेऊन टेकवली तरी काळंच. तिनं रोखून धरलेला श्वास सोडला.

"काही नाही रे," ती म्हणाली, आणि तिला रडू फुटायच्या बेतात होतं. "हा खरंच काळा आहे. यात काहीच..."

ती थांबली. त्या काळ्यात रेघा होत्या. बारीक, एकीला एक लागून, सगळ्या एकाच बाजूला वळलेल्या. वरून खाली, अंबाड्याकडे. ते केस होते. इतक्या जवळून काढलेले की दुसरं काही मावलंच नव्हतं.

"काय दिसतंय?" नवरा विचारत होता. "अगं, काय दिसतंय? तू उठलीस का?"

केसांमध्ये एकच पांढरी रेघ होती. तिचा पहिला पांढरा केस. पण तो बाकीच्यांसारखा खाली वळलेला नव्हता. तो मुळापासून सरळ ताठ उभा होता, भिंगाच्या दिशेनं, उपटण्याआधी चिमटीत धरून ताणावा तसा.

ती दोन्ही हात टेबलावर ठेवून बसून राहिली, आणि तिच्या टाळूवर, भांगाच्या जरा मागे, बारीकशी ओढ जाणवली.