चौथी खिडकी उघडणार न्हाई

"पोराचं नाव सांगा," मान वर न करताच दीपमाला म्हणाली.

"पोराचं? ...आधी लगीन तर होऊ द्या."

तिनं वर बघितलं. खांद्याला पिशवी, एसटीच्या धुळीनं केस पांढरे, अन् डोळे हसरे.

"श्रीनाथ. नांदेडहून आलो. मशीन अडकून राहिलंय म्हणं तुमचं?"

लातुरात तवा क्लासचा नुसता बाजार भरला होता. चाकूर-देवणीकडची माणसं पोरं घेऊन यायची, अन् ॲडमिशनच्या काउंटरवर दीपमाला. कॉम्प्युटरवर फॉर्म भरायचा प्रोग्राम श्रीनाथनंच बनवलेला, नांदेडला विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकून. पण तो मधीच बंद पडायचा, भरलेलं सगळं गिळून.

शेजारी स्टूल टाकून बसला, तवा त्याला गंमत कळली. एकाचा फॉर्म भरता भरता दुसरा घुसायचा, "बाई, माझं जरा बघा की!" ही लगेच स्क्रीनवर त्याच्या फॉर्मची खिडकी उघडायची, पहिल्याच्या खिडकीवर. त्यावर तिसऱ्याची. त्यावर चौथ्याची.

"वरची मिटल्याबिगर खालची हालत न्हाई," तो म्हणाला. "खालचं काम बिचारं अर्ध्यात वाट बघत राहतंय. असं रचत गेलात की मशीन बसतंय मटकन."

"मग माणसाला न्हाई म्हणू?"

"म्हणायचं की."

"भूकंपात घर गेलं आमचं. भाकरीसाठी रांगा धरल्या. 'मागं सरक' म्हणलेलं अजून कानात हाय... माझ्यानं न्हाई व्हायचं."

त्यानं कीबोर्ड आपल्याकडं ओढला. मग म्हणाला, "बरं. मशीन म्हणंल."

अन् त्यानं तशी सोय केली. तीन खिडक्यांवर चौथी उघडायला गेलं की पाटी यायची — आधी हातातलं मिटवा.

"लई शिष्ट हाय हे."

"बनवणाऱ्यावर गेलंय."

ती हसली. बोटं चुकली, नाव परत लिहावं लागलं.

दुपारी पिशवी आवरताना तो हळूच म्हणाला, "काम झालं. आता यायला काही कारण न्हाई... चहाला येता?"

"हातातलं एवढं एक..."

तेवढ्यात चाकूरचे काका आले. मग देवणीची मावशी. श्रीनाथ भिंतीला टेकून उभा. आज गेला की गेला, हे तिलाही ठाव होतं. तरी तोंडातनं निघायचं ते "हाव, बोला!"

"येतो मग," म्हणून तो निघाला.

"बाई, माझं जरा..." एक मामा घुसले. सवयीनं तिनं बटन दाबलं. मशीन अडून बसलं. आधी हातातलं मिटवा.

दीपमाला त्या पाटीकडं बघत राहिली. मग एकेक फॉर्म पुरा करत खिडकी मिटवली — मावशीची, काकांची, तळातली. अन् उठली.

"मामा, बसा जरा. तुमच्या आधीचं एक काम हाय."

"कुणाचं? हितं तर मीच हाय!"

जिन्यापाशी श्रीनाथ चपलेचा पट्टा लावत होता. लई येळ लावत होता.

"बस चुकंल की तुमची."

"चुकू दे."

"चहाचं इचारलं होतं तुम्ही. पण... त्याच्या खाली अजून एक सवाल दिसतोय मला."

त्यानं मान खाली घातली. कान लाल झाले.

"हाव... हाय."

"मग चला आधी चहाला," ती पायरी उतरत म्हणाली. "वरचं मिटल्याबिगर खालचं हालायचं कसं?"