ब्रेकवरचा पाय

आधीच सांगतो, ही रचलेली गोष्ट नाही. ज्यांच्या बाबतीत हे घडलं ते काका आजही आमच्या शेजारी राहतात, आणि थापा मारायचा त्यांचा स्वभाव नाही. मुळात ते बोलतातच इतकं कमी, की काकू म्हणायच्या, यांच्याशी भांडायचं म्हणजे दोन्ही बाजू मलाच सांभाळाव्या लागतात.

भुताची गोष्ट म्हटली की लोक आधी विचारतात, रात्र किती झाली होती? इथे रात्र नाहीच. रविवारची भर दुपार, घरामागची पत्र्याची शेड, खाली सिमेंटची जमीन आणि बाहेर लख्ख ऊन.

काका निवृत्त बसड्रायव्हर. काकू घरी शिवणकाम करायच्या. एकुलती एक मुलगी लग्न होऊन दुसऱ्या शहरात गेलेली. शेडमध्ये त्यांची जुनी निळी गाडी असायची, आणि तिच्या बोल्टलाही काका दुसऱ्या कुणाचा हात लागू द्यायचे नाहीत.

पण ब्रेकचं एक काम एकट्याने होत नाही. ब्रेकच्या तेलाच्या नळीत हवा शिरली की ब्रेक मऊ लागतो. मग एकाने आत बसून पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने चाकापाशी बसून एक छोटा नट सैल करायचा. तेलाबरोबर हवा बाहेर येते. नट आवळून झाला की मगच पाय उचलायचा.

तो आतला पाय काकूंचा.

आयुष्यभर शिलाई मशीन चालवलेला पाय होता तो. आधी हलकेच दाब, मग एकदम भक्कम. काका बाहेरून म्हणायचे, "दाब." काकू आतून म्हणायच्या, "धरलंय." एवढंच बोलणं, पण ते दोघांनाही पुरायचं.

काकूंची अट मात्र एक होती. गाडी नुसत्या जॅकवर असेल तर त्या आत पाऊल टाकायच्या नाहीत. काकांच्या डेपोतला एक मेकॅनिक तसाच गाडीखाली शिरला होता. जॅक बसला आणि गाडी त्याच्या अंगावर आली. काकू त्याच्या बायकोजवळ दिवसभर बसून आल्या, घरी येऊन जेवल्या नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी स्वतः दुकानात जाऊन घोड्या घेऊन आल्या. घोडी म्हणजे गाडीखाली लावायचा लोखंडी स्टँड.

"जॅक उचलायला असतो, तोलून धरायला नाही," असं त्यांनी काकांना सुनावलं. जन्मभर बस चालवलेल्या माणसाला.

तेव्हापासून तोच रिवाज झाला. जमिनीवरच्या चाकांना लाकडी ठोकळे लावायचे. गाडी उचलायची, सांगाड्याच्या भक्कम जागी घोड्या लावायच्या, जॅक सोडून सगळं वजन घोड्यांवर घ्यायचं. मग काकू पदर खोचून यायच्या आणि गाडीला खांदा लावून हलवून बघायच्या. नाही हलली तरच आत बसायच्या. उंची बेताची असल्यामुळे सीट पुढे ओढून घ्यायच्या.

गेल्या हिवाळ्यात काकू झोपेतच गेल्या.

मशीनवर एक शर्ट अर्धा शिवलेला होता. काकांनी तो तसाच सुईखाली राहू दिला. त्यांचं बोलणं आधीच कमी, आता तर पूर्ण थांबलं.

काही महिन्यांनी गाडीचा ब्रेक मऊ लागू लागला. मुलगी फोनवर म्हणाली, बाबा, गॅरेजमध्ये द्या. काकांनी नेहमीप्रमाणे ऐकलं नाही.

त्या रविवारी त्यांनी ठोकळे लावले, मागची बाजू उचलून घोड्यांवर ठेवली, चाक काढलं. गाडी हलवून बघायला कुणी नव्हतं. त्यांनी स्वतःच खांदा लावला आणि तसेच गाडीला टेकून बराच वेळ रडले.

मग चाकापाशी बसले. नटाला एक रबरी नळी जोडली, नळीचं टोक बाटलीत सोडलं. आत कुणी नाही हे त्यांना ठाऊक होतं, पण इतक्या वर्षांची सवय. तोंडून निघून गेलं...

"दाब."

शेडमध्ये काहीच हललं नाही.

आणि मग... गाडीच्या आत... कट्... कट्... कट्...

सीट पुढे सरकत होती.

काकांचा हात आपसूक पान्याकडे गेला. नट सैल केला. आत पाय नसेल तर तेल नुसतं ठिबकतं. पण इथे धार लागली. आधी हलकी... मग एकदम भक्कम.

त्यांनी नट आवळला आणि उठून काचेतून पाहिलं. आत कुणीच नव्हतं. सीट मात्र पार स्टिअरिंगला टेकलेली होती.

घाबरायला हवं होतं. काका घाबरले नाहीत. मला पुढे म्हणाले, "बायकोच्या पायाला कोण घाबरतं?"

मग काय, दर रविवारी गाडी वर. ब्रेक केव्हाच ठणठणीत झाला होता, तरी हवा काढणं चालूच. मी एकदा चेष्टेने म्हटलं, काका, तुमची गाडी रस्त्यावर कमी आणि घोड्यांवर जास्त असते. ते हसले. काकू गेल्यानंतर मी त्यांना पहिल्यांदाच हसताना बघत होतो.

एकदा ते ठोकळे लावायला विसरले. "दाब" म्हणाले, पण आत चिडीचूप. पुन्हा म्हणाले, तरी नाही. मग त्यांचं लक्ष गेलं. त्यांनी निमूटपणे ठोकळे लावले, तशी आत सीट सरकली... कट्... कट्...

काका चाकापाशी बसून तिला सगळं सांगायचे. मुलीचा फोन आला होता, गुडघा दुखतोय, झोप लागत नाही. पाय इमानाने पेडल दाबायचा.

पण "धरलंय" कधी ऐकू आलं नाही.

काका वाट बघायचे. एक शब्द, निदान एखादा खोकला. आवाज नाहीच. पाय होता, पण बाकीची काकू कुठे होती? हळूहळू त्यांना तेवढा पाय पुरेना. मन भलतीकडे धावू लागलं.

एका रविवारी त्यांनी सगळं नीट केलं. ठोकळे, घोड्या, खांदा. "दाब" म्हणाले. सीट सरकली. ती आत आहे, एवढी खात्री त्यांनी करून घेतली.

मग जॅक पुन्हा लावला. गाडी थोडी उचलली... आणि दोन्ही घोड्या काढून भिंतीशी ठेवून दिल्या.

जॅक जुना होता. त्याचं तेल गळायचं, गाडी इंचाइंचाने खाली यायची. काकांना ते चांगलं माहीत होतं. ते पाठीवर झोपले आणि सरकत गाडीखाली गेले. डोक्यावर लोखंड, आणि त्याच्या वर ती.

"येतो गं मी," ते म्हणाले.

जॅकमधून बारीक फुसफुस ऐकू येत होती. गाडी खाली येत होती. काकांनी डोळे मिटले.

आणि... ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं.

काकांनी मान वळवली. गाडीखालून जमिनीवरची उजेडाची पट्टी दिसत होती. तिथे पाय नव्हते. पण चपला वाजल्या... चट्... चट्... घाईघाईने... दूर... फाटकाकडे.

"थांब!" काका ओरडले. होतं नव्हतं तेवढं बळ लावून बाहेर सरपटले. त्यांचे पाय बाहेर निघाले आणि मागे जॅक सुटून गाडी धाडकन खाली बसली. त्यांनी वळूनही पाहिलं नाही. तसेच फाटकापर्यंत धावले. रस्त्यावर ऊन होतं, दुसरं कुणी नव्हतं.

त्यानंतर ती आली नाही.

काकांनी किती रविवार घोड्या लावल्या, किती वेळा हाक मारली. सीट जागची हलली नाही. तेल नुसतं ठिबकत राहिलं.

शेवटी मुलगी आली. काकांनी तिला सगळं सांगितलं, अगदी घोड्या का काढल्या तेही. मी तिथेच होतो. ती पोरगी बापाच्या गळ्यात पडून रडली. म्हणाली, आई रागावली असेल बाबा, राग गेला की येईल.

काकांनी मान हलवली. "रागावली असती तर आली असती. तिचा राग संध्याकाळपर्यंतही टिकायचा नाही. ती इथे असली की मी तिच्यामागे जायला बघतो, हे तिला कळलं. म्हणून गेली ती."

मुलगी त्यांना आपल्याकडे चला म्हणाली. ते गेले नाहीत. गाडी अजून शेडमध्ये आहे. काका जेवतात, फिरायला जातात, मुलीचा फोन घेतात. तिने जगायला सोडलंय तर जगायला हवं, असं म्हणतात.

मी मात्र एक गोष्ट त्यांना सांगितलेली नाही.

त्या दुपारी मी आमच्या दारात उभा होतो. शेडमधून काकांची हाक ऐकू आली, आणि त्याच वेळी त्यांच्या फाटकातून चपलांचा आवाज बाहेर आला. दिसत कुणीच नव्हतं. आवाज माझ्यापासून हातभर अंतरावरून गेला आणि रस्त्याच्या वळणावर विरला.

नुसत्या चपला नव्हत्या...

काकू रडत होत्या. तोंडावर हात दाबून रडावं तशा. तो आवाज मी ओळखला.

ज्या आवाजासाठी काका इतके रविवार कान देऊन बसले, तो मला ऐकू आला. रोज संध्याकाळी ते फाटकात भेटतात आणि ओठांवर आलेलं मी परत गिळतो. ती रडत गेली हे कळलं तर ते पुन्हा तिला शोधायला निघतील, अशी मला भीती वाटते.